लहान होत गेलेलं अक्षर

“पेन उठाना मना है,” असं म्हणत ताई वर्गात शिरायच्या आणि खडू हातात घेण्याआधी हवेत एक लांबलचक वेटोळं काढायच्या. सगळ्या वर्गाची बोटं त्यांच्यामागोमाग हवेत फिरायची. त्या कर्सिव्ह शिकवत, म्हणजे अक्षराला अक्षर जोडून लिहायची इंग्रजी. शब्द संपेपर्यंत पेन कागदावरून उठता कामा नये. टिंबं आणि आडव्या रेघा नंतर.

एका पोराने हा नियम इतका मनावर घेतला की स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, शाळा आणि रायपूर, सगळं मध्ये जागा न सोडता एका दमात लिहून टाकलं. ताईंनी वही माझ्यापुढे धरली. “हे पाय, मालगाडी. डबे मोजत बस आता.”

आमची शाळा तेलीबांधा तलावाच्या बाजूला. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, तशी तिला नव्या काचा आल्या आणि नवे पालकही आले. मी विज्ञान शिकवायचे. ताई तात्यापारा या जुन्या मराठी वस्तीतून यायच्या, वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या. स्टाफरूममध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे प्राचार्यांची थट्टा त्यांच्यासमोरच करता यायची. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एखादं माणूस असेल, ज्याच्याशेजारी बसलं की डबा गोड लागतो.

मी मुळात घाबरट. कोणी खोकलं तरी मला मोठा आजार दिसतो. म्हणूनच कदाचित ते आधी माझ्या लक्षात आलं. पुढचा तास माझा होता, मी दारात उभी होते. फळ्यावर ताईंची ओळ डावीकडे टपोरी सुरू झाली आणि उजवीकडे जाता जाता मुंगीएवढी उरली. मागच्या बाकावरून आवाज आला, “मैम, दिखाई नहीं दे रहा.” त्यांनी पुसून पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच.

डब्याच्या सुट्टीत त्यांनीच विषय काढला. “तुले दिसून राहिलं ना?”

“हो, ताई.”

“डॉक्टर म्हणते, कंपवात आहे. हात कापत नाही अजून, पण अक्षर असंच लहान होत जाईन.” डबा झाकता झाकता त्या म्हणाल्या, “कोणाले सांगू नोको. मले याच्याशिवाय दुसरं काही येत नाही.”

त्यानंतर प्राचार्य वरांड्यात दिसले की मी धावत जाऊन ताईंच्या वर्गाचं दार लोटून घ्यायचे. पण घाव भलतीकडूनच आला. नव्या सत्राच्या बैठकीत प्राचार्य हसत हसत म्हणाले, “किताबें प्रिंट में हैं, कंप्यूटर प्रिंट में है. बच्चों को जोड़कर लिखना क्यों सिखाएँ?” तास बंद झाला. एकाही पालकाने विचारलं नाही. ताईंनी फक्त मान डोलावून “हव” म्हटलं. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, “चाल, आता फळ्यावर कोणी पाहणार नाही मले.” हसावं की रडावं, मला कळेना. ते सत्र संपलं आणि त्यांना घरी बसवण्यात आलं.

फळा सुटला तरी सही कुठे सुटते? ताईंचं मुलाकडे नागपूरला जायचं ठरलं, म्हणून खातं तिकडे हलवायला आम्ही दोघी बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने त्यांची सही पाहिली, मग स्क्रीन पाहिला. “आंटी, मैच नहीं हो रहा. एक बार और.” त्यांनी पुन्हा सही केली. ती आणखी लहान झाली. शेवटी मुलीने एक यंत्र पुढे सरकवलं. “अंगूठा लगा दीजिए.”

जन्मभर पोरांना लिहायला शिकवलेली बाई. त्यांनी अंगठा पुढे केला. आणि यंत्राने अंगठाही घेतला नाही. खडूने रेषा झिजल्या असतील, असं ती मुलगी म्हणाली, अगदी सहज.

“सही माही नाही, अंगठा माहा नाही,” ताई हळूच म्हणाल्या. “मंग मी मीच आहो, हे सांगू कोणाले?”

आतल्या साहेबांनी दुसरा कागद काढला, मी ओळख दिली आणि काम झालं. पण घरी पोचेपर्यंत ताईंनी माझं कोपर सोडलं नाही. “मले भेव लागून राहिलं,” रिक्षात त्या म्हणाल्या. मलाही लागलं होतं, त्यांच्याहून जास्त. तसं सांगायचा धीर झाला नाही, म्हणून मी नागपूरच्या थंडीबद्दल बोलत बसले.

नागपूरहून त्यांचा फोन यायचा. पहिलं वाक्य ठरलेलं, “मी बोलून राहिली. ओळखलं?” आधी मी थट्टेने विचारायचे, कोण बाई तुम्ही? मग ती थट्टा बंद केली. अक्षराच्या मागोमाग आवाजही बारीक होऊ लागला होता. शेवटच्या फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. मी मोठ्याने म्हटलं, “ताई, तुम्हीच आहात. ओळखलं मी.” मग फोनवर त्यांचा मुलगा बोलला. तो वाढला रायपुरात, त्याला मराठी समजते, पण बोलतो हिंदी. “मौसी, आई ने हाँ में सिर हिलाया.”

त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. अजूनही फोन घेतला आणि पलीकडून कोणी बोललं नाही, तर मी तो लगेच ठेवत नाही. कान देऊन उभी राहते आणि भीत भीत म्हणते, “ओळखलं.”