ड जीवनसत्त्वात विशेष प्रावीण्य

गेल्या वर्षी यांची मूत्रपिंडं जाता जाता राहिली. ती घालवायला बाहेरून कोणी आलं नव्हतं. आम्ही दोघांनीच, दोघं निवृत्त शिक्षक, शिकलीसवरलेली माणसं, राजापुरातल्या आमच्या स्वयंपाकघरात बसून हा उद्योग केला.

सुरुवात झाली ती हायस्कूलच्या हॉलमधल्या रक्ततपासणी शिबिरापासून. शिबिर म्हटलं की या निवृत्त गुरुजींच्या अंगात कुठून बळ येतं देव जाणे. घरात साधा नळ गळत असेल तर उठायचे नाहीत, पण त्या दिवशी उपाशीपोटी, इस्त्रीचा शर्ट घालून, बाह्या सरसावून सगळे रांगेत, आणि सगळ्यांच्या पुढे आमचे हे. तीन दिवसांनी रिपोर्ट आला. साखर बरी, हिमोग्लोबिन बरं आणि ड जीवनसत्त्व नऊ. तीसच्या वर हवं, असं बाजूला छापलेलं होतं.

नऊ आलं यात नवल काही नव्हतं. जिना चढताना यांच्या मांड्या भरून यायच्या, कंबर धरायची. आणि हा माणूस उन्हात जातो कधी? सकाळी पेपर, दुपारी झोप, ऊन उतरलं की कट्ट्यावर गप्पा. पण यांना कंबरेचं काही नव्हतं, लागला तो आकडा. "नऊ म्हणजे सरळ नापास," म्हणाले, "आणि त्याला एकतीस." तो म्हणजे मंडणगडला यांच्याबरोबर नोकरी केलेले गणिताचे गुरुजी. दोघांची चढाओढ तेव्हापासूनची, आणि आता करायला दुसरं काही उरलं नाही म्हणून रक्तावर आलेली. उभा जन्म मार्क वाटण्यात गेला या लोकांचा. आकडा मोठा म्हणजे पोरगा हुशार, यापलीकडे आकड्याला काही अर्थ असतो हे यांच्या डोक्यात शिरतच नाही.

डॉक्टरांनी पावडरीच्या पुड्या लिहून दिल्या. आठवड्यातून एक, दुधातून, आठ आठवडे, मग पुन्हा रक्त तपासायचं. चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलेलं होतं. घरी आल्यावर यांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली, बाजूला ठेवली आणि म्हणाले, "आठवड्यातून एक दिवस अभ्यास करणारा पोरगा कधी पास झालाय काय? रोज एक दे."

मी सांगितलं, अहो, आठवड्याची आहे ती. एकदाच सांगितलं. त्यावर हे शांतपणे म्हणाले, "तू चौथीपर्यंत शिकवलंस. माझ्याकडे विज्ञान होतं."

झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं मी पोरांना अक्षरं गिरवायला शिकवली म्हणूनच पुढे यांच्यासारख्यांना त्यांच्यासमोर विज्ञान पाजळता आलं. पण बोलून उपयोग काय? घ्या म्हटलं, रोज घ्या, दोन वेळा घ्या. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मी पुडी फोडायची, दुधात ढवळायची आणि पेला यांच्यासमोर आदळायची. आठ पुड्या आठ दिवसांत संपल्या. हे तीच जुनी चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात जायचे आणि नव्या घेऊन यायचे. तिथल्या शहाण्यानेही कधी विचारलं नाही.

अडीच महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. रिपोर्टात ठळक अक्षरांत दीडशेच्या पुढे असं आलं. किती पुढे ते नव्हतं, कारण त्यांचं यंत्र त्याच्यावर मोजतच नाही म्हणे. तो कागद दाखवायला डॉक्टरांकडे जायचं सोडून यांनी त्याचा फोटो काढला आणि निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. मग काय, अभिनंदन सर, विशेष प्रावीण्य सर, हात जोडलेले, फुलांचे गुच्छ. गणिताच्या गुरुजींनी पुडी कुठल्या कंपनीची ते विचारलं. एवढे शिक्षक त्या ग्रुपवर, जन्मभर पोरांना वाचायला लावणारे, पण तो कागद नीट वाचावा असं एकालाही वाटलं नाही. हे दोन दिवस छाती काढून फिरत होते. पुड्या चालूच राहिल्या, नंबर टिकवायचा होता ना.

महिनाभरात माणूस बदलला. सारखं पाणी पाणी करायचे आणि सारखे मोरीकडे जायचे. पोट साफ होईना. बांगड्याचं तिखलं केलं की चार घरं ऐकतील असं कौतुक करणारा माणूस, एक दिवस ताट बाजूला सारून नुसता बसून राहिला. मला वाटलं, नाटकं. एकच गोष्ट तीनतीनदा विचारायला लागले. मला वाटलं, वय झालं. एका दुपारी मागच्या दाराशी येऊन म्हणाले, "शाळा सुटली काय?" तेव्हा मात्र मी हातातलं काम टाकून यांना धरून आत आणलं. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, आणि शेजाऱ्यांच्या गाडीत घालून यांना रत्नागिरीला नेलं. आणि एवढं होऊनही त्या सकाळी मी दूध दिलं होतं, पुडी घालून.

तिथली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. मी पिशवीतले सगळे कागद तिच्यासमोर ठेवले. तिने जुना रिपोर्ट पाहिला, नवा पाहिला, मला पुड्यांचं विचारलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. मग समजावून सांगितलं. हे जीवनसत्त्व जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठत राहतं. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढतं, डोकं बिघडतं आणि मूत्रपिंडं बसतात. यांची बसायला लागलीच होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर आयुष्यभर मशीनवर रक्त धुवायला न्यावं लागलं असतं, म्हणाली.

"आठवड्याची पुडी आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हतं?" तिने विचारलं.

मी सांगितलं होतं, हे वाक्य माझ्या जिभेवर अगदी तयार होतं. खोटंही नव्हतं. पण तेवढ्यात खाटेवरून हे बोलले. हाताला सलाईन, ओठ सुकलेले, आपण कुठे आहोत ते धड कळत नव्हतं. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिला विचारा. एक दिवस चुकवलं नाही हिने. फार काळजी घेते माझी."

डॉक्टर माझ्याकडे बघत होती.

"मला माहीत होतं," मी म्हटलं.