राब आणि सखारामआबा

म्युनिसिपालिटीच्या सभेत सखारामआबा खुर्चीवर मांडी घालूनच बसत. अध्यक्षांनी हटकलं की म्हणत, "पाय लोंबते ठिवले की माजं डोकं चालत न्हाई, सायेब." दुसरं महायुद्ध पेटायच्या आधीची ही गोष्ट. मळवलीकडच्या आमच्या गावची म्युनिसिपालिटी म्हणजे बाजाराची एक आळी, चार बंगले आणि बाकी सगळी भातखाचरं. मी बाजारातला वाणी, पण सभासद. माझी खुर्ची आबांच्या शेजारी.

त्यांची वाडी हद्दीत आणली ती आबांनीच. "नळ येतोय, बायांची नदीची पायपीट सुटंल," असं ते घरोघर सांगत फिरले. नळ आलाही. त्या दिवशी आबा तोटीपाशी लेकीच्या लग्नातल्या बापासारखे मिरवत होते.

मग उन्हाळ्यात बंगलेवाल्यांची तक्रार आली. आमच्याकडे भाताचं बी टाकायच्या आधी त्या तुकड्यावर शेण, पाला, फांद्या पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. राब भाजला नाही तर रोपाआधी तण माजतं. त्या धुराचा मुंबईच्या पाहुण्यांना त्रास होई. पाहुणे परत जाईपर्यंत हद्दीत राब पेटवायचा नाही, असा ठराव आला. आता आबा सभा डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. त्यांनी हात वर केला, तोही ठरावाच्या बाजूनं!

बाहेर आल्यावर मी चिडलो. "आबा, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आरं, शाळा उघडायच्या आदी जात्याल की समदे पावने. पाऊस काय लगीच येतोय व्हय? म्होरल्या साली वाडीला दिवे मागायचेत. आत्ता कशापायी वाकडं घ्यायचं?"

जन्मभर आभाळाकडे बघून शेती केलेला माणूस! सभेची गोडी लागली आणि पावसाला गृहीत धरून बसला.

त्यांच्या शब्दावर वाडीनं राब तसेच ठेवले. पाहुणे हलले नाहीत, पाऊस मात्र लवकर आला. भिजलेले राब पेटेनात, नुसते धुमसले. आबा घोंगडीखाली वाकून काडीवर काडी ओढत होते. त्यांच्या बायको, पार्वतीकाकू, दारातून ओरडल्या, "आवं, चूल हाय व्हय ती? या घरात!" तणातून जे रोप आलं ते निम्म्या खाचरांनाही पुरलं नाही. वाडीचं वर्ष बुडालं. मला आबांचा रागही आला आणि कीवही.

लावणीला तिकडे इर्जिक असते. एकेकाच्या शेतात सगळी वाडी राबते आणि ज्याचं शेत तो सगळ्यांना जेवू घालतो. आबांच्या पाळीला कोणी फिरकणार नाही, अशी काकूंना धास्ती होती. पण सगळे आले. होतं तेवढं रोप त्यांनी मुकाट्यानं लावलं. आबांचा चेहरा उजळला. त्यांनी स्वतःच्या हातानं पत्रावळी मांडल्या.

माणसांनी बांधावर पाय धुतले, इरली डोक्यावर घेतली आणि घरची वाट धरली. आबांचा थोरला भाऊही निघाला. आबा त्याच्यामागे धावले. "दादा, शिव्या घाल, जोड्यानं मार, पन जेवून जा!"

भाऊ थांबला, पण वळला नाही.

"शेताशी वैर न्हाई आमचं, सखाराम," तो म्हणाला आणि चालू लागला.