देशाचं धोरण आणि गावचा पूल

आयरिश पाहुणे खाली रिसेप्शनला कॉफी पीत होते आणि वर तिसऱ्या मजल्यावर आमच्या प्रोग्रॅमने त्यांच्या संसदेतली जवळजवळ सगळी भाषणं ‘अनिश्चित’ या कप्प्यात टाकली होती. मी कोट घालूनच कॉम्प्युटरसमोर बसले होते. आमच्या मजल्याचं हायत्सुंग, म्हणजे हीटिंग, हिवाळा लागल्यापासून बंद होतं.

आमची कोलोनमधली कंपनी कागदपत्रांत शोध घेणारं सॉफ्टवेअर बनवायची. या वेळचं काम साधं वाटत होतं. खासदाराचं भाषण घ्यायचं आणि त्याला विषयाची चिठ्ठी लावायची. त्या चिठ्ठीला आम्ही टॅग म्हणतो. टॅग दोनच: राष्ट्रीय किंवा स्थानिक. माझे बॉस हेर, म्हणजे मिस्टर, ब्रांट यांचा नियम होता, एका भाषणाला एकच टॅग. टॅग ठरला नाही की भाषण ‘अनिश्चित’मध्ये, आणि तिथे शोध चालत नाही. पाहुण्यांनी नाक मुरडलं असतं तर प्रोजेक्ट बंद, माझी नोकरी बंद आणि नोकरीवर टांगलेला व्हिसाही बंद.

गोची अशी होती की तिथला खासदार देशाच्या आरोग्य धोरणावर बोलायला उभा राहायचा आणि शेवटी आपल्या गावच्या दवाखान्यातल्या एक्स-रे मशीनवर येऊन थांबायचा. प्रोग्रॅम बिचारा करणार काय?

आदल्या रविवारी मी ही भाषणं घरी वाचत होते. साताऱ्याहून सासरे आले होते. ते जिल्हा परिषदेत दोन टर्म सदस्य होते. मी त्यांना एक भाषण मराठीत सांगितलं, तर ते पोह्यांची बशी ठेवून उभेच राहिले.

“अध्यक्ष महाराज!” ते सोफ्याकडे बघून गरजले. “देशाची अर्थव्यवस्था खड्ड्यात चालली आहे! आणि खड्ड्यांवरून आठवलं, आमच्या गावचा रस्ता...”

“ओपा, नोख माल!” आजोबा, परत एकदा, म्हणून आमची लेक टाळ्या पिटायला लागली. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं.

“अहो बाबा, पण यातलं राष्ट्रीय कुठलं आणि स्थानिक कुठलं?”

“अगं, वेगळं काढशील कसं? देशाचं बोललं नाही तर अध्यक्ष बोलू देत नाहीत. गावचं बोललं नाही तर गाव निवडून देत नाही.”

सोमवारी मी दोन्ही टॅग एकदम लावणारी आवृत्ती बनवली आणि हेर ब्रांटना दाखवली.

“नाइन, नाही,” ते म्हणाले. “एक तर हे, नाही तर ते.”

पाहुणे कॉफी संपवून वर आले आणि डेमो सुरू झाला. पाहुण्यांतले सगळ्यात वयस्कर अधिकारी म्हणाले, “आमच्या गावच्या पुलावर कोणी बोललंय का, बघू या.”

उत्तर आलं, शून्य.

हेर ब्रांटचे कान लाल झाले. “आल्झो...” म्हणजे ‘बरं तर’, एवढंच म्हणून त्यांनी माझ्याकडे बघून होकारार्थी मान हलवली. मी झटकन दुसरी आवृत्ती उघडली. पूल निघाला! ग्रामीण विकासात निघाला, युरोपच्या धोरणात निघाला, एकदा तर मासेमारीवरच्या चर्चेतही निघाला. पाहुणे टेबल बडवून हसायला लागले.

“तुम्हाला हे सुचलं कसं?” त्या अधिकाऱ्यांनी विचारलं.

“माझे सासरे आमच्याकडे जिल्ह्याच्या सभागृहात होते.”

“म्हणजे त्यांचाही एक पूल असणार. झाला का तो?”

“झाला. ते निवडणूक हरल्यावर.”

प्रोजेक्ट पास झाला. त्यांनी एकच बदल सुचवला: स्थानिकचा टॅग आधी दिसू दे, राष्ट्रीय नंतर. त्या दिवशी मी जिन्यावरून अक्षरशः उड्या मारत खाली आले.

पुढच्याच महिन्यात हेड ऑफिसच्या बड्या मंडळींसमोर हेर ब्रांट बोलायला उभे राहिले. युरोपातली बाजारपेठ, स्पर्धा, कंपनीची दिशा, सगळं झालं. मग चष्मा काढून ते म्हणाले, “आणि याच संदर्भात, कोलोनच्या तिसऱ्या मजल्याचं हायत्सुंग अजून बंद आहे.”

मी त्या भाषणाला मनातल्या मनात दोन्ही टॅग लावून टाकले, स्थानिक आधी. हीटिंग त्याच आठवड्यात सुरू झालं. कंपनीच्या दिशेचं पुढे काय झालं, ते मात्र कोणालाच आठवत नाही.