भिंतीवरची माऊली

पेणच्या त्या फ्लॅटमध्ये शिरताच जी किळस आली, ती अजून गेलेली नाही. खिडक्या बंद, हार कुजलेले, अगरबत्तीचा धूर आणि त्या सगळ्याखाली ओल्या भिंतीचा आंबूस वास. हॉलच्या भिंतीवर मरियामाऊली प्रकटली होती म्हणे. मला दिसला तो पिवळट ओलीचा डाग, वर निमुळता, खाली पसरट. त्याच्याभोवती लुकलुकणारी दिव्यांची माळ सोडली होती. वरच्या मजल्याचा संडास बरोबर त्या डागाच्या डोक्यावर होता, हे बाहेरचे पाइप बघितले असते तर कुणालाही कळलं असतं. बायका तिथे ओठ टेकत होत्या.

मी रोह्याची, घरात रोज रोझरीची माळ जपत वाढलेली. माऊली गरीब पोरांना दिसली, त्यांच्याशी बोलली, हे मी मनापासून मानते. म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं.

मी तिथे गेले ती मावशीसाठी. तिच्या छातीत गाठ निघाली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ऑपरेशन लांबवू नका. ती मात्र, माऊलीला विचारते मग ठरवते, असं म्हणत दिवस ढकलत होती. मग कुणीतरी तिला या भिंतीचं सांगितलं.

विचारायची पद्धत बघून मी थक्क झाले. घरमालकीण दोन पाकळ्या भिजवून डागाच्या दोन बाजूंना चिकटवायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. म्हणजे आमच्या शेजारपाजारचे लोक देवळात लावतात तो कौलच की! तो निदान उघड्यावर, गावासमोर लागतो. मी तसं म्हणाले तर बाई फणकारली, "कौल नाय तो. आईची इच्छा हाय."

डागाच्या डाव्या बाजूला टेबलफॅन घरघरत होता. माझ्यासमोर तीन बायकांनी विचारलं. तिघींची डावी पाकळी आधी सुकली आणि गळाली. एकीला मुलीचं लग्न ठरवायचं होतं. ती डोळे पुसत उठली.

"पंखा बंद करा," मी म्हणाले.

"आईला गरम होतं," बाई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही.

मावशी गुडघ्यावर बसली. पदर छातीशी घट्ट धरून, ऑपरेशन करू का, असं पुटपुटली. डावी पाकळी गळाली. सगळ्याजणी एकदम 'प्रणाम मरिये' ही प्रार्थना म्हणू लागल्या आणि मावशीने पुढे होऊन त्या ओलीचा मुका घेतला. मी तिला दंडाला धरून जिना उतरवला.

परतीच्या गाडीत माझं तोंड थांबेना. संडासाची ओल, पंखा, ती निगरगट्ट बाई, सगळं बडबडले. कासू स्टेशनात गाडी थांबली, तेव्हा मावशी शांतपणे म्हणाली, "पंखा मला बी दिसला गो."

"मग?"

"घरी रोज माळेवर विचारते तिला. रोज एकच येतं मनात. करून घे, भिऊ नको." तिने पदराने तोंड पुसलं. "मला टेबलावर झोपायचं नाय. कापून घ्यायचं नाय. घरातली माऊली काय ऐकत नाय माझं."

"म्हणून त्या डागाला विचारलंस?"

"व्हय. कुणीतरी नाय म्हणायला पायजे होतं ना."