फाटकबाबा आणि भुऱ्याचं फडकं

फाटकबाबांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, कुत्र्यांची मात्र कधी चुकत नसत. जव्हारच्या जुन्या संस्थानी बागेच्या दगडी कमानीखाली ते राखणदार म्हणून स्टूल टाकून बसलेले असत आणि येणाऱ्याला त्याच्या कुत्र्यावरून हाक मारत. माझे अण्णा गणिताचे शिक्षक, गावात मान असलेले. बाबांच्या लेखी ते ‘टायगरचे सर’ होते. आई ‘टायगरची आय’ आणि मी ‘टायगरची ताई’. अण्णांनी एकदा त्यांना आपलं पूर्ण नाव सांगून पाहिलं. बाबांनी ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरं नाव हाय. पण टायगर आज मागचा पाय का उचलतो?” अण्णांनी पुन्हा तो प्रयत्न केला नाही.

दर रविवारी सकाळी आम्ही चौघं, म्हणजे टायगर धरून चौघं, त्या बागेत जायचो. बाग मोठी होती, पण थाट उरलेला नव्हता. कारंजं कोरडं, बाकांच्या पाठी तुटलेल्या, आणि आंब्यांनी मात्र कुणाला न विचारता हवं तेवढं वाढून घेतलेलं. मुंबईहून आलेले पाहुणे कमानीचा फोटो काढून आत शिरत आणि पाच-सहा कुत्री मोकळी फिरताना बघून तिथेच थबकत. बाबा बसल्या जागेवरून सांगत, “जा, जा. ती काय करत नाय. तीपण पाव्हणीच हायेत.”

ते खरं होतं. दिवाळी झाली की आमच्या भागातली घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर कामाला जातात. भांडी, कोंबड्या, अंथरुणं, पोरं सगळं टेम्पोत चढतं. कुत्रं चढत नाही, भट्टीवाला घेऊ देत नाही. ते टेम्पोमागे धावतं, दमतं, आणि मग रिकाम्या घरापाशी उपाशी बसतं. यातली काही कुत्री बाबांकडे येत. विहिरीजवळच्या रोपांच्या शेडमध्ये बाबा त्यांना शिमग्यापर्यंत सांभाळत. बाबांची अट एकच असे. घरधन्यानं आपल्या अंगावरचा जुना कपडा ठेवून जायचं. लुगड्याचा तुकडा, बंडी, काहीही, पण वापरलेलं आणि न धुतलेलं. प्रत्येक कुत्रं आपापल्या फडक्यावर झोपायचं. बाबा कुणाला बांधत नसत. म्हणत, “बांधलेल्या कुत्र्याला वाटतं, मला टाकून गेले. मोकळा असला आन् वास असला, का तो वाट बघतो.”

हे वाक्य मी किमान दहा वेळा ऐकलं होतं, हे आधीच सांगून ठेवते.

एका वर्षी जवळच्या वांगणी गावची एक बाई आपला भुऱ्या ठेवून गेली. तिचं नाव मला माहीत नव्हतं. बाबांमुळे ती ‘भुऱ्याची आय’. भुऱ्या राखेच्या रंगाचा होता आणि त्याचा एक कान फाटलेला होता. जाताना तिनं डोईवरच्या हिरव्या लुगड्याचा पदर तिथेच टरकन फाडला, त्याच्यापुढे अंथरला आणि मागे न बघता निघून गेली. बघितलं असतं तर टेम्पोत चढली नसती, असं बाबा नंतर म्हणाले.

पौषात बाबांच्या भावाला जामसरला देवाज्ञा झाली. दिवसकार्य उरकून येईपर्यंत कुत्र्यांना भाकरी घालायचं काम ते आमच्यावर टाकून गेले. मी बारावीत होते. चांगलं कळतं वय होतं, त्यामुळे लहान होते ही सबब मला नाही. पहिल्याच दिवशी शेडमधली फडकी बघून मला कसंतरी झालं. मळानं कडक झालेली, वर पिसवा. बाबा आले की खूश होतील म्हणून मी पाचही फडकी गोळा केली, घरचा साबण आणला, नळाखाली बसून घसघसून धुतली आणि करवंदीच्या कुंपणावर वाळत घातली. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं की मी टायगरलाही ते दाखवलं.

दुसऱ्या दिवशी कुत्री फडक्यांभोवती गोल गोल फिरत होती, बसत नव्हती. भुऱ्या हिरव्या तुकड्यावर नाक घासायचा, उठायचा, पुन्हा घासायचा. तिसऱ्या दिवशी भाकरी घेऊन गेले तर तो नव्हता.

बाबा परत आले ते डोकं भादरलेले. त्यांनी हिरवा तुकडा उचलून नाकाला लावला. बराच वेळ तसाच धरला. मग विचारलं, “इथं कोण आलं होतं?”

मी म्हणाले, “माहीत नाही.”

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. टेम्पोवाल्यांच्या हाती भट्ट्यांवर निरोप धाडून बाकी चार कुत्र्यांसाठी त्यांच्या माणसांचे वापरलेले कपडे मागवून घेतले. भुऱ्या घराकडे गेला असेल म्हणून स्वतः चालत वांगणीला गेले. घराला कुलूप होतं आणि अंगणात कुत्र्याचं पाऊलसुद्धा नव्हतं. त्यानंतर कितीतरी दिवस संध्याकाळी बाग बंद करताना ते रस्त्यावर जाऊन “भुऱ्या, भुऱ्या” अशी हाक मारत. ती आमच्या घरापर्यंत ऐकू यायची. मी पुस्तक उघडून मोठ्यानं वाचायला लागायची.

शिमग्याला भुऱ्याची आय आली. रविवार होता, आम्ही सगळे कमानीपाशीच होतो. तिनं बाहेरूनच हाक मारली. बाकीची कुत्री धावत आली आणि तिला हुंगून परत गेली.

बाबा उठून हात जोडून उभे राहिले. “माझ्या हातून गेला, बाय. कडी लावायची राहिली.”

बाबांनी दिलेला हिरवा तुकडा तिनं घेतला, नाकाला लावला आणि त्यांच्याकडे बघितलं. “हा धुतलाय.”

“हां,” बाबा म्हणाले. “मीच धुतला.”

“तू धुतलास? तूच सांगतोस ना, धुऊ नको म्हणून?”

“म्हातारा झालो. ध्यानात नाय राहिलं.”

मी चार हात अंतरावर टायगरचा पट्टा धरून उभी होते. एक शब्द तोंडातून काढायचा होता. तो मी काढला नाही. ती जाताना एवढंच म्हणाली, “घरी कोण नसतं आमचं. येताना तो एक समोर यायचा.” पुढच्या दिवाळीला वांगणीचं एकही कुत्रं बागेत आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी खोडाळ्याकडचीही कमी झाली. कधी कुणी विचारलंच तर बाबा म्हणत, “माझ्यावर इश्वास नाय राहिला लोकांचा. बरोबर हाय त्यांचं.” हे ऐकताना माझा जीव अर्धा व्हायचा, आणि तरी मी गप्प बसायची. अशी वर्षं गेली. टायगर गेला, माझं लग्न झालं, जव्हारातच मी शिक्षिका झाले. बाग नवी झाली, कारंजं उडायला लागलं, आणि कमानीवर ‘कुत्र्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी आली. बाबा त्याच पाटीखाली स्टूल टाकून बसत.

गेल्या वर्षी त्यांचा दमा वाढला आणि लेक त्यांना ठाण्याला न्यायला आली. मी स्टँडवर पोचवायला गेले. एसटी लागलेली होती. मी म्हणाले, “बाबा, त्या वेळी ती फडकी…”

“ठाव हाय मला,” ते म्हणाले. “टायगरच्या अंगाला यायचा तोच साबणाचा वास होता त्याला.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तू बागेत यायची बंद झाली असतीस. मग टायगरला कोण आणणार?” एवढं बोलायलाही त्यांना दोनदा थांबावं लागलं. श्रावणात ठाण्याहून ते गेल्याचा फोन आला. मी वर्ग सोडून बाहेर आले आणि हमसून हमसून रडले.

दिवाळी संपता संपता मी वांगणीला गेले. भुऱ्याच्या आयचं घर विचारत विचारत सापडलं. ओटीवर गाठोडी बांधून ठेवलेली, दोन दिवसांत निघायची तयारी. दाराशी एक तांबडी कुत्री अंग चोरून बसली होती. गाठोडी बांधली की त्यांना कळतं. म्हातारी झालेली ती बाई बाहेर आली. “कोण गं?”

माझं नाव तिला सांगून काय उपयोग होता? मी म्हणाले, “टायगरची ताई. बागेतली.” आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. फडकं मी धुतलं, बाबांनी नाही. खोटं मी बोलले आणि बोल त्यांनी आपल्यावर घेतला.

ती खाली बसली. कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “त्याला सांगायला पाहिजे, मला कळलं म्हणून. बरा हाय का तो?”

मी नाही म्हणून मान हलवली. ती समजली.

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही ते मागितलं नाही. ती आत गेली. आतून कापड फाटल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिनं निळ्या लुगड्याचा मळका तुकडा माझ्या हातात दिला आणि कुत्रीला माझ्याकडे ढकललं.

“चिमी नाव हाय तिचं,” ती म्हणाली. “बांधू नको. आन् हा धुऊ नको.”