सहा वाक्यं आणि एक कळशी

त्या माणसाचं अक्षर सुंदर होतं, एवढं एक मी मान्य करते. बाकी त्याच्याबद्दल चांगलं बोलायला माझ्याकडं आजही काही नाही.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि हा नव्या कलेक्टर कचेरीत क्लार्क म्हणून लागला होता. त्याचं स्थळ मला सांगून आलं. आमचं गाव कंधार तालुक्यात. मी बी.ए. झालेली, चोविशी उलटलेली. दुष्काळाचं दुसरं वर्ष चाललेलं, गावातली लग्नंच बंद पडलेली. पंगतीला पाणी कुठून आणायचं? माझी दोन स्थळं त्यापायीच मोडली होती आणि पाठची बहीण माझ्यामुळं अडून बसली होती. हे तिसरं स्थळही हातचं गेलं तर माझे वडील, आप्पा, खचतील, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मध्यस्थानं निरोप आणला. मुलाला साहेब लोकांबरोबर हॉटेलात जावं लागतं, तेव्हा बायको इंग्रजीत चहापाणी मागवणारी पाहिजे. सोबत वहीचं एक पान. त्यावर निळ्या शाईत सहा वाक्यं, देवनागरीत उच्चार लिहिलेले, आणि वर ठळक अक्षरात, ‘पाठ करून येणे.’ येणे! मी काय त्याच्या कचेरीतली शिपाई होते?

‘वुड यू लाइक टी ऑर कॉफी, सर?’ हे पहिलं. ‘कुड यू ब्रिंग सम वॉटर फॉर द जेंटलमेन, प्लीज?’ हे दुसरं. तिसरं वाचून तर माझ्या डोक्यात तिडीकच गेली. ‘माय हजबंड विल हॅव अ कोल्ड कॉफी, प्लीज.’ हजबंड! अजून बघणं नाही, पसंती नाही, आणि मेला कॉफी मागवून मोकळा. पान चुलीत घालणार होते, पण आप्पांचं तोंड बघितलं आणि पाठ करायला बसले. टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी राहायची आणि पुटपुटायची. बाया हसायच्या. ‘काय मंतर म्हणायलीस गं? पाऊस पाडतीस का काय?’

बघण्याचा कार्यक्रम लातूरच्या हॉटेलात ठरला, तोही पाण्यापायीच. आमच्याकडं पाहुणा दारात आला की आधी पाय धुवायला पाणी, मग बाकीचं. विहिरीचा तळ दिसत होता आणि पाहुण्याला कोरड्या पायानं घरात घ्यायचं आप्पांना मरणाहून वाईट. मुलानंच निरोप धाडला की मग इकडं हॉटेलातच या. आप्पा हो म्हणाले. मला वाटलं, मिटलं.

कसलं मिटतंय! निघायच्या दिवशी बघते तर आप्पांच्या हातात तांब्याची कळशी, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं, वर तांब्या पालथा घातलेला.

‘आप्पा, हे काय?’

‘पाव्हणे यायलेत माय. हाटेल असलं म्हणून काय झालं? मुलीवाले आपणच की.’

तीन दिवस आईनं आंघोळ केली नव्हती, तेव्हा ती कळशी भरली होती. आई गावातच राहिली, कारण त्या दिवशी टँकरचा वार होता. अहमदपूरला एसटी बदलून आम्ही दोघं लातूरला गेलो. सगळ्या रस्त्यानं आप्पांनी कळशी गुडघ्यात धरली होती. खड्डा आला की एक हात फडक्यावर. थेंब सांडू दिला नाही.

हॉटेलात फॅमिली रूम म्हणून पडदा लावलेली खोली होती. आम्ही आधी पोचलो. थोड्या वेळानं मुलगा आणि त्याचे वडील आले, दोघंच. आप्पांनी कपाळावरची विभूती नीट केली, फडकं सोडलं, तांब्या भरला आणि पडद्यापाशी खाली वाकले. ‘या पाव्हणं. पाय पुढं करा.’

मुलाच्या वडिलांच्या पायात साध्या चपला होत्या. त्यांनी एक पाय चपलेतून काढलाही. तेही खेड्यातलेच, त्यांना कळलं होतं. पण लेकानं त्यांच्याकडं असं बघितलं की पाय परत चपलेत गेला. त्याच्या स्वतःच्या पायात मोजे, वर काळे चकचकीत बूट. तो दोन पावलं मागं सरला. ‘अहो, काय करायलात तुम्ही? हॉटेल आहे हे, गोठा नाही!’

वेटर म्हातारा होता. तो हळूच म्हणाला, ‘चच्चा, यहाँ नक्को. फर्शी गीली होती.’ त्यानं निदान चच्चा तरी म्हटलं.

आप्पांनी तांब्यातलं पाणी परत कळशीत ओतलं, फडकं बांधलं आणि कळशी टेबलाखाली आपल्या पायाशी ठेवली. मग बसले. त्या टेबलावर दोन तास झाले असतील का दहा मिनिटं, मला सांगता येणार नाही. माझं लक्ष सगळं त्या कळशीकडं होतं.

‘हं, करा सुरू,’ तो म्हणाला.

वेटरनं विचारलं, ‘क्या होना?’ मी वाक्यं म्हटली. एक शब्द चुकले नाही. वेटर बिचारा माझ्या तोंडाकडं बघत राहिला. ‘अम्मा, उर्दू में बोलो ना.’ मी हिंदीत सांगायला गेले तर ह्यानं हात वर केला. ‘नाही. इंग्रजीतच. पुन्हा म्हणा.’ मी पुन्हा म्हटलं. वेटरला कॉफी तेवढी कळली. तो वळला, तर ह्यानं त्याला थांबवलं. ‘प्लीज हा शब्द ऐकू आला नाही. पुन्हा.’ चार वेळा म्हणायला लावलं मला. शेजारच्या टेबलावरचे पडदा सरकवून बघायला लागले. त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर त्याला अडाणी म्हणाला. अरे मुडद्या, तो दिवसभर शंभर लोकांना खाऊपिऊ घालतो, तू काय करतोस?

शेवटी आलं सगळं. त्याला कोल्ड कॉफी, त्याच्या वडिलांना लस्सी, आप्पांना चहा. पाण्याचे पेलेही आले. त्यानं आपल्या पेल्यातला एक घोट घेतला. मग रुमाल पेल्यात बुडवला आणि वाकून बूट पुसला. आप्पांच्या तांब्यातला एखादा थेंब उडाला असेल त्याच्यावर. उरलेलं पाणी त्यानं बशीत ओतून दिलं. आप्पा त्या बशीकडं बघत होते. त्यांचा चहा निवून गेला.

‘मुलगी पसंत आहे,’ तो म्हणाला. ‘उच्चार चांगले आहेत. फक्त एक गोष्ट. लग्नाला आमचे साहेब लोक येणार. तेव्हा तुमच्या वडिलांनी असले कळशीबिळशीचे प्रकार करायचे नाहीत. मांडवात जरा मागं बसले तरी चालेल.’

आणि माझे आप्पा, ज्यांनी गावात कुणापुढं मान वाकवली नाही, ते म्हणाले, ‘हाव. बसतो की मागं.’

त्यांनी दुसरं काहीही म्हटलं असतं तर मी गप्प बसले असते. खरंच बसले असते. पण ते वाक्य मला सोसलं नाही.

‘आप्पा, उठा,’ म्हटलं. मग त्याच्याकडं वळले. ‘मला तुम्ही पसंत नाही.’ मराठीत म्हटलं. प्लीज लावलं नाही.

‘स्वतःला समजता कोण?’ तो ओरडला. ‘असं स्थळ पुन्हा मिळणार आहे का?’

‘उथळ पाण्याला खळखळाट फार,’ म्हटलं, आणि त्याचं ते वहीचं पान पिशवीतून काढून त्याच्या कॉफीशेजारी ठेवलं. त्याचे वडील लस्सीत बघत बसले होते. कळशी मी उचलली.

स्टँडवर गाडीला अवकाश होता. आप्पा बाकावर बसले. मग म्हणाले, ‘घालवलंस पोरी. मी बसलो असतो मागं. मला काय झालं असतं? आता धाकटीचं काय करू मी?’ मला रडू आलं, आणि रडू आलं याचाच आणखी संताप आला. हुंदका गिळायला गेले तर घशाला कोरड पडलेली. ठसका लागला.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. ‘तिथं काय पिलीस तू?’

मी आठवू लागले. त्याची कॉफी, त्याच्या वडिलांची लस्सी, आप्पांचा चहा. सगळ्यांचं मी मागवलं होतं. सहाच्या सहा वाक्यं मनात म्हणून बघितली. माझ्यासाठी काही मागायचं वाक्य त्यात नव्हतंच, आणि पंधरा दिवस घोकूनही ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

‘काही नाही,’ म्हटलं.

ते कळशीचं फडकं सोडायला लागले. मी म्हटलं, ‘असू द्या आप्पा, घरी नेऊ. आईला होईल.’

‘घरी कशाला?’ ते खेकसले. ‘ज्याच्यासाठी आणलं त्याला नको हुतं. तुला पाहिजे का न्हाई, तेवढं सांग.’

त्या दिवसात मला हे कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.

‘पाहिजे,’ म्हटलं, आणि ओंजळ पुढं केली.