जावेचे हात आणि नवतपा

माझ्या धाकट्या जावेच्या पायांवर आमच्या गल्लीतली किती लेकरं न्हाली, ते आता कोणालाच सांगता यायचं नाही. पाय लांब करून ती पाटावर बसायची, नडग्यांच्या मधल्या खोबणीत बाळ पालथं घालायची आणि तेलाचा कोमट हात पाठीवरून असा काही फिरवायची, की रडून लाल झालेलं पोर गप्प होऊन हुंकार द्यायला लागायचं. घरात मी तिच्याआधी आलेली, मानानं मोठी. पण माझा धाकटा झाला तेव्हा त्याला मी नाही, तिनंच न्हाऊ घातलं. माझा हात लागला की तो किंचाळायचा. मला त्याचा राग नाही आला कधी. काही हातच तसे असतात, त्याला कोण काय करणार.

त्या हातांवर डाग आले. पहिला उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाशी. आम्हाला वाटलं, भांडी घासायच्या पावडरीनं कातडी गेली असेल. मग करंगळी, मग अंगठा, मग ओठाच्या कोपऱ्यात शेंगदाण्याएवढा एक, दुधासारखा पांढरा. तिनं घरात अवाक्षर काढलं नाही. मेंदी लावायला लागली. सण नाही, लग्न नाही, आणि ही बाई दर आठवड्याला मेंदीचा कोन घेऊन बसलेली.

मी म्हटलं, "काय वं, पुन्हा नवरी होऊन राहिली का?"

ती हसली नाही. हात पुढे केला. मेंदी सगळीकडे छान चढली होती, पण डागाच्या जागी तिचा रंग वेगळाच दिसत होता, फिक्का, केशरी. झाकायला गेली आणि उलट उठून दिसलं.

तिची लेक पारशिवनीला दिलेली, शिकलेली पोरगी. तिनं फोनवरूनच नागपुरातल्या एका कातडीच्या डॉक्टरीणबाईकडे नंबर लावून दिला. त्याच आठवड्यात त्या लेकीला दिवस गेल्याचं कळलं होतं, त्यामुळे दवाखान्यात जाताना माझी जाऊ अर्धी रडवेली, अर्धी हसरी अशी रिक्षात बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी अंधाऱ्या खोलीत नेऊन निळसर दिव्याखाली तिचे हात पाहिले, मग भिंगातून पाहिले. म्हणाल्या, "काकू, हे कोड आहे. महारोग नाही, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. हे शिवून लागत नाही. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्यानं होत नाही. शरीरच आपल्या रंगाच्या पेशींवर उलटतं."

"म्हंजे माह्यंच आंग माह्यावर उठलं," जाऊ म्हणाली.

"तसंच म्हणा."

"मंग मले बाळाले न्हाऊ घालता येईन ना? लेकीले दिवस हायेत."

"रोज घाला की. हात धुऊन घाला, सगळेच धुतात तसे."

त्या एका वाक्यावर ती पुढचे कितीतरी महिने जगली, असं मला आता वाटतं.

थायरॉइडची रक्ततपासणी सांगितली, कारण या दोन गोष्टी पुष्कळदा जोडीनं येतात म्हणे. लावायला मलम दिलं. आणि आठवड्यातून दोनदा दवाखान्यात येऊन लाईट घ्यायचा. पेटीसारखं एक यंत्र असतं, डोळ्यांना काळा चष्मा लावून त्यात हात ठेवायचे, आधी अगदी थोडा वेळ, मग हळूहळू वाढवत न्यायचं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातावरची लव बोटानं उलटीपालटी करून पाहिली. लव काळी आहे तिथे रंग परत यायची आशा जास्त, म्हणाल्या, कारण केसाच्या मुळाशी तो शिल्लक असतो. बोटांच्या टोकांना आणि ओठाला लव नसते, तिथे फार उशीर लागतो, कदाचित येणारही नाही. डाग वर्षभर वाढले नाहीत तर दुसरीकडची कातडी घेऊन तिथे बसवायचीही सोय आहे. तोवर कुठे जायचं झालं तर कातडीच्या रंगाचं क्रीम मिळतं, ते लावा. आणि घरगुती तेलं, पाले, लेप काही लावू नका.

हे सगळं चाललं असताना मी आपली वेणी पुढे केली. "डॉक्टरीणबाई, हे उंदराचं शेपूट झालंय, याचंही पाहता का जरा?"

"बाई, तुमच्या वेणीपायी माहा नंबर जाईन," जाऊ म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंसकट आम्ही सगळ्या हसलो. माझ्या अंगात लोह कमी निघालं, गोळ्या मिळाल्या. असो, माझ्या वेणीचं काय एवढं.

होळीच्या सुमाराला तिच्या हाताच्या पाठीवर, पांढऱ्या डागाच्या आत, मोहरीएवढे बदामी ठिपके दिसायला लागले. रोज सकाळी खिडकीत हात धरून ती मला ते दाखवायची. "हा कालचाच हाय का नवा, बाई?" मला चष्म्यातूनही धड दिसायचं नाही. मी म्हणायची, नवा आहे. बोटांची टोकं मात्र होती तशीच.

मग लेकीचं डोहाळजेवण झालं, पारशिवनीला. जाऊ क्रीम लावून गेली होती, पण सकाळपासून पाण्यात हात, किती टिकणार ते. तिनं स्वतः वळून नेलेले डिंकाचे लाडू वाढले. विहीणबाईंच्या नणंदेनं लाडू कागदी रुमालात घेतला आणि हसत हसत ताटाच्या पलीकडे ठेवून दिला. सगळ्यांनी पाहिलं.

दोन दिवसांनी विहीणबाईंचा फोन. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. खोली झाडून, चुन्यानं रंगवून ठेवलेली. तर त्या म्हणाल्या, "इथंच करू म्हणतो बाळंतपण. तुमच्या नागपूरचं ऊन बाळाले सोसाचं नाही." जसा पारशिवनीला दुसराच सूर्य उगवतो. जाऊ म्हणाली, "पण मी हाय ना, विहीणबाई. मालिश, आंघोळ, सारं मीच करीन." मग त्या म्हणाल्या, "तुमचे हात आधी नीट होऊ द्या. मंग लेक तुमचीच हाय, नातू तुमचाच हाय. आम्ही कायले अडवतो?"

गोड बोलल्या, खोटं नाही. लेक सासूशी भांडली, डॉक्टरांनी सांगितलेलं समजावून दिलं. सासू म्हणाली, मले समजते वं, पण लोकांचं काय. त्यावर कोणतं मलम आहे?

फोन ठेवून जाऊ माझ्याजवळ येऊन बसली. "बाई, त्यांनी हात नीट होऊ द्या म्हणलं. म्हंजे 'नाही' त नाही म्हणलं."

मी म्हटलं, "नाही म्हणल्यातच जमा हाय ते."

"तुमचं काहीतरीच. नीट झाले तर म्हणलं."

तेव्हापासून ती डॉक्टरीणबाईंना प्रत्येक खेपेला विचारायची, लाईट जास्त वेळ नाही का देता येत. त्या म्हणायच्या, काकू, घाई करून कातडी भाजेल. हे महिन्यांचं काम आहे. आणि हिच्याकडे महिने होते कुठे?

उन्हाळ्यात तिची नरखेडकडची भावजय आली. संत्र्यांच्या पिशवीखाली बावचीच्या तेलाची बाटली. माझ्या नकळत दिली. त्यांच्या गावातल्या एका मास्तरणीला त्यानंच गुण आला म्हणे, तेल लावून कोवळ्या उन्हात बसायचं, चहा होईपर्यंत, बस. हे मला सगळं मागाहून कळलं.

मे महिना सरता सरता आमच्याकडे नवतपा लागतो. वर्षातलं सगळ्यात कडक ऊन, नऊ दिवस. दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही, कुत्री नालीत जाऊन बसतात. गल्लीतल्या बाया मात्र याचीच वाट पाहत असतात, कारण नवतप्यात टाकलेली कुरोडी, म्हणजे कुरडई, कशी खणखणीत वाळते. आमच्याही गच्चीवर कुरोड्या होत्या. मी दुपारची कूलरसमोर आडवी झाले. जाऊ म्हणाली, कुरोड्या उलटून येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर ही हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून कणीक मळत होती.

"हे काय वं?"

"काही नाही. जरासं भाजलं."

पिशव्या काढल्या. दोन्ही हातांची पाठ लाल, वर द्राक्षांसारखे फोड, काही फुटलेले. ओठाचा कोपरा सुजलेला. मग तीच सांगायला लागली, शाळेतलं पोर गणित कसं सुटलं ते सांगतं तशी.

"डॉक्टरीणबाई त्या पेटीत कितीसा लाईट देते, बाई? त्यानं महिने लागते. वयनी म्हणे, कोवळ्या उन्हानंही महिने लागते. मी म्हणलं, नवतप्याचं ऊन त साऱ्यात मोठा लाईट. कुरोडी दोन दिसांत वाळते. नऊ दिसांत हात काहून नाही होणार? बाळ यायच्या आधी हात नीट होऊन जातीन." कुरोड्यांच्या ओळीतच हात पुढे करून बसली होती ती, भर दुपारी, तेल चोळून. एका दिवसात हे झालं होतं, आणि आणखी आठ दिवस बसायचा तिचा विचार होता.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या आणि खाली बघत म्हणाल्या, "या तेलानं कातडी उन्हाला हळवी होते, काकू. म्हणून एवढं भाजलं. आणि या आजारात जिथे कातडी दुखावते तिथे नवा डाग उठू शकतो. आता भरेपर्यंत लाईट बंद."

फोड भरले. खपल्या गळाल्या. खाली मनगटापर्यंत सगळं पांढरं. होळीपासून मोजलेले ते ठिपकेही त्यात गेले. खिडकीत हात धरून ती उभी होती, यावेळी मला बोलावलं नाही.

जूनमध्ये मुलगी झाली. आम्ही दोघी बसनं पारशिवनीला गेलो. विहीणबाईंनी पाणी दिलं, चहा दिला, वागायला कुठे कमी केलं नाही. त्या म्हणाल्यासुद्धा, "घ्या ना नातीले, विहीणबाई." मनापासून म्हणाल्या की कसं, देव जाणे.

जावेनं हात पदरात गुंडाळलेले होते.

लेक पलंगावरून म्हणाली, "आई, घे ना तिले."

"हात थंड हायेत माहे," ती म्हणाली. बाहेर उकाड्यानं जीव जात होता.

"थंड कायचे? दाखव बरं." लेकीनं हात धरायला हात पुढे केला तशी ही दोन पावलं मागे सरली, खिडकीपाशी. "राहू दे वं. झोपली हाय ते. मोठ्या आईले दे."

लेकीनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्या मांडीवर बाळ ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते.

मग मालिश करणारी बाई आली. पाटावर बसली, पायांवर बाळ घेतलं. पोर रडायला लागली. जाऊ न्हाणीच्या दाराशी उभी राहून पाहत होती. त्या बाईचा हात पाठीवर जरा जोरात पडत होता, ते मलाही दिसलं. पदराखाली जावेचे हात हलत होते, खांद्यापासून कमरेपर्यंत, कमरेपासून खांद्यापर्यंत, हळू.

परतीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा देऊन ती शेजारी बसली. मग म्हणाली, "टाळू कशी लागली, बाई, हाताले?"

"मऊ. धडधडत होती."

"मान धरते का?"

"अजून कुठून? हात द्यावा लागला खालून."

"जड हाय?"

"जड नाही. पण भरलेली हाय. मांड्यांले वळ्या हायेत."

ती मान हलवत राहिली. बस कुठेतरी थांबली, माणसं चढली, उतरली. मग तिनं पुन्हा तेच विचारलं, टाळूपासून. मी पुन्हा सांगितलं, पहिल्यांदा सांगायचं राहिलेलंही सांगितलं, की झोपेत तिनं माझं बोट धरलं होतं आणि सोडता सोडत नव्हती.

"घट्ट?" तिनं विचारलं.

"घट्ट," मी म्हटलं.